मे महिन्यात राहण्याजोगं घर

माझ्या सासऱ्यांना उन्हाळाभर शर्टाची बटणं लावून बसावं लागायचं, म्हणून आम्ही घर बांधलं. लोकांनी विचारलं की मी मोकळी हवा, शहराचा कंटाळा, म्हातारपणाची सोय अशी शहाण्यासारखी कारणं सांगते. खरं कारण बटणांचंच आहे.

आम्ही राहायचो डोंबिवली पश्चिमेला, कोपरला, चौथ्या मजल्यावर. त्याच्या वर थेट गच्ची. एप्रिल लागला की स्लॅब तापायचा आणि पंखा ती वरची गरम हवा इमानेइतबारे खाली आमच्या अंगावर आणून घालायचा. आम्ही गच्चीवर ओली गोणपाटं अंथरून पाहिली, तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘गळती होईल’ म्हणून ती उचलायला लावली. एका खोलीत एसी बसवला. पण त्या हवेने बाबांचे गुडघे धरायचे, आणि वीज गेली की ती बंद खोली भट्टी व्हायची. बाबा म्हणजे सासरे. मी त्यांना पहिल्यापासून बाबाच म्हणते. त्यांची बायपास झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते भर दुपारी स्वयंपाकघराच्या दारात चक्कर येऊन बसले. डॉक्टर म्हणाले, “यांना उन्हाळ्यात थंड जागी ठेवा.” जशी काही आम्ही थंड जागा कपाटात घडी घालून ठेवली होती!

थंड जागा निघाली माझ्या नणंदेकडे. तिचं सासर कोपरीला, ठाणे पूर्वेत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. भिंती जाड, खिडकीबाहेर जांभळाचं झाड, दुपारीसुद्धा फरशी गार. मग दर एप्रिलअखेर बाबांची रवानगी तिकडे, ती जूनमध्ये पाऊस स्थिरावेपर्यंत. नणंद मायेची, तिची सासू त्याहून. त्या माउलीने खिडकीजवळची स्वतःची खाट बाबांना दिली. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. विहीणबाईंच्या खाटेवर, विहीणबाईंच्या देखत, कोकणातल्या जुन्या वळणाचा माणूस बनियनवर कसा पडणार? बाबा सकाळी अंघोळ झाली की फुल पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे आणि रात्रीपर्यंत तसेच बसायचे. दुसऱ्यांदा भात मागायचे नाहीत. झोप आली तरी आडवे व्हायचे नाहीत, पेपर तोंडासमोर धरून खुर्चीत डुलक्या घ्यायचे. जूनमध्ये घरी आले की पहिल्यांदा शर्ट काढून खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, “सुटलो.”

एका वर्षी परत आल्यावर ते हसत हसत बोलून गेले, “सुट्टीत लेकीने माहेरी यायचं असतं. आमच्याकडे बापच उन्हाळी सुट्टीला लेकीकडे जातो.” ते हसले, नवराही हसला. मला मात्र ते चांगलंच झोंबलं. कारण दुसरी बाजू मला दिसत होती. सासूबाई गेल्यापासून नणंद मे महिन्यात माहेरी आलीच नव्हती. येणार कुठे, त्या भट्टीत? आणि आली तरी ज्यांना भेटायला यायचं ते तिच्याच घरी पाहुणे. माहेरपण नावाची गोष्ट आमच्या घरातून कुणी न बोलता निघून गेली होती. त्याच दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, “मे महिन्यात बाबा स्वतःच्या घरात उघड्या अंगाने झोपू शकतील अशी जागा आपण करायची.”

जागा होती. टिटवाळ्याच्या अलीकडे बाबांनी कंपनीतल्या सोबत्यांबरोबर फार पूर्वी एक छोटा प्लॉट घेतला होता. त्यावर इतकी वर्षं फक्त गवत आणि आमचे बेत उगवत होते. कोपरचा फ्लॅट विकायचा आणि त्या पैशात तिथे बैठं घर बांधायचं असं ठरलं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमचं अंथरूण हातरुमालाएवढं होतं. नवऱ्याला रोज ठाण्याचं ऑफिस आणखी लांब पडणार होतं. दोन दिवसांनी तो म्हणाला, “चालेल. तसंही वाटेत मी झोपतोच.”

नकाशा मी काढला. मी शाळेत गणित शिकवते, भूमिती हा माझा हातखंडा विषय, तेव्हा घराचा नकाशा काढायला मला कुणाची गरज आहे असं मला मुळीच वाटलं नाही. आलेख कागदावर प्रमाण घेऊन, टोकदार पेन्सिलीने मी बैठकीची खोली, दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, सगळं आखलं. इतकं सुबक की वर्गात लावावं. मग तो कागद घेऊन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले. ती आता आर्किटेक्ट झाली आहे आणि कल्याणला तिचं लहानसं ऑफिस आहे. मनात होतं की हिने नुसता शिक्का मारावा.

तिने कागद बघितला. पुन्हा बघितला. पोरगी दहावीला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळ्याकडे वळले तरी बोलायची नाही. आताही तिला धीर होईना.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार ना.”

“उत्तरेला कोण राहतं?”

“कुणी नाही. मोकळी जागा आहे.”

“आणि दक्षिणेला?”

“तिकडेही मोकळंच. आपलीच जागा.”

“मग बाई,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “या दोन्ही भिंती बंद का आहेत? एकपण खिडकी नाहीये.”

मी कागदाकडे पाहत राहिले. पुढे खिडक्या, मागे खिडक्या आणि दोन्ही बाजूंना सलग कोऱ्या भिंती. का? कारण लग्नाआधी आणि लग्नानंतर मी जन्मभर फ्लॅटमध्ये राहिले, आणि फ्लॅटच्या बाजूच्या भिंतीपलीकडे शेजारी असतात. तिथे खिडकी असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोकळ्या रानात मी मनातल्या मनात दोन्हीकडे शेजारी बसवले होते. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. खिडक्यांना बाहेर आलेली बॉक्स ग्रिल काढली होती, कुंड्या ठेवायला. बाथरूमला लागून पाइपांसाठी डक्ट काढला होता. बैठ्या घराला डक्ट!

“बाई, अजून एक,” आता तिला जोर आला होता. “तुमच्या खिडक्या पूर्व-पश्चिम आहेत. म्हणजे ऊन यायच्या दोन्ही बाजू सताड उघड्या आणि वारा यायच्या दोन्ही बाजू बंद.”

मला आधी राग आला, मग हसू फुटलं. इतकं हसले की तिच्या ऑफिसातली दुसरी मुलगी डोकावून गेली. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, पण मीही चार वेळा बघितलेला तो नकाशा. मला एकदम बरोबर वाटलेला.” बाबांनीही पाहिला होता आणि ‘छान’ म्हणाले होते. सगळं घरच फ्लॅटमध्ये मुरलेलं. उन्हाळ्यातून सुटायला निघालो होतो आणि तोच चौथा मजला उचलून जमिनीवर ठेवणार होतो.

नवा नकाशा तिने काढला, मी फक्त खोडरबर दिलं. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण केल्या आणि तिकडे समोरासमोर खिडक्या. दक्षिणेच्या खिडक्यांवर चांगला रुंद छज्जा. पश्चिमेकडे बाथरूम, कोठीची खोली आणि गच्चीचा जिना, म्हणजे दुपारचं ऊन काय खायचंय ते त्यांनी खावं, माणसांच्या खोल्यांपर्यंत पोचू नये. विटांची भिंत अशी रचायची की मधे पोकळी राहील. विटाही कमी लागतात आणि उष्णताही आत कमी येते. या रचनेला इंग्रजीत उंदराच्या सापळ्याचं नाव आहे हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, “माझ्यासाठी बांधताय की उंदरांसाठी, ते एकदा ठरवा.” गवंड्याने ती रचना आधी केली नव्हती. त्याने आधी एक छोटी भिंत बांधून पाहिली, ती आम्हा दोघांनाही पसंत पडली नाही, ती पाडून दुसरी बांधली आणि मग त्याचा हात बसला.

पैसे जिथे दिसतात तिथून काढून जिथे दिसत नाहीत तिथे घालायचे, असा आमचा कारभार झाला. मॉड्युलर किचन गेलं, चकचकीत टाइल्स गेल्या, फॉल्स सीलिंग गेलं. माझी पुस्तकांची खोली गेली, ते मात्र मला चांगलंच लागलं. खाली आली शहाबादी फरशी. सागवानी दारं-खिडक्या आल्या पाडकामातून. डोंबिवलीत हल्ली दर गल्लीत एखादी जुनी इमारत पाडून टॉवर उठतो आहे, आणि त्या इमारतींची दारं-खिडक्या रस्त्याकडेला ढीग करून विकायला असतात. एका चौकटीवर कुणीतरी खिळ्याने ‘दूध गुरुवारी नको’ असं कोरलं होतं. नवरा म्हणाला पॉलिश करून घालवू, मी म्हटलं राहू दे. दूधवाल्याला आमच्याकडेही गुरुवारी चुकूनच जाग येते.

गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवायचे होते, म्हणजे ऊन परत फिरतं. शीळफाट्याच्या रस्त्याला टाइल्सची दुकानं ओळीने आहेत. नवरा रविवारी तिथे जाऊन फुटक्या टाइल्स मागायचा. दुकानदार चांगल्या दाखवायचे, हा म्हणायचा, “नाही, फुटक्याच द्या.” एकाने त्याला विचारलं म्हणे, “साहेब, घर बांधताय की कुणाशी भांडण झालंय?” गोण्या भरून आल्या तेव्हा त्याचे दोन्ही हात ओरखडलेले होते आणि तो खूश होता. लग्नात घेतलेल्या शपथांपेक्षा मला त्या गोण्यांचं अधिक कौतुक वाटलं.

भिंती उभ्या राहिल्या तसे बाबा कामाच्या जागी यायला लागले. आधी ते सगळ्यातून अंग काढून घ्यायचे. “मला कशाला विचारता? मी किती दिवसांचा?” असं म्हणायचे. तो सूर मला सहन व्हायचा नाही. एकदा मी तोडूनच टाकलं, “बाबा, ही खोली तुमची आहे. तुम्ही बघणार नसाल तर मी तिथे कोठी करते.” दुसऱ्या दिवशी ते खिशात उदबत्तीचा पुडा घेऊन हजर.

ते वागळे इस्टेटच्या कंपनीत बॉयलरवर होते. धूर कुठून निघतो, कुठे जातो, कुठे अडतो, हे बघण्यात त्यांची नोकरी गेलेली. त्यांनी बिनदाराच्या खोलीत मधोमध उदबत्ती लावली आणि पेटीवर बसून धुराकडे बघू लागले. मग उठून दुसऱ्या कोपऱ्यात लावली. बाहेरच्या मजुरांना वाटलं, आजोबा वास्तुपूजा करताहेत. दोघी बायका पायातल्या चपला काढून दारात हात जोडून उभ्या राहिल्या. बाबांनी त्यांना आत बोलावलं आणि धूर दाखवला. दक्षिणेच्या खिडकीतून वारा येत होता, धूर त्याच्याबरोबर उत्तरेकडे सरकत होता. पण वरच्या छताला जाऊन तो तिथेच घोटाळत होता.

“गरम हवा वर जाऊन बसतेय,” बाबा म्हणाले. “तिला वरून बाहेर जायला वाट हवी.”

मी आमच्या आर्किटेक्टला फोन लावला. ती म्हणाली, “बाई, तेच मी करणार होते, खर्चाचं बघून सोडलेलं. घेऊ या मग.” उत्तरेच्या भिंतीला छताखाली सिमेंटच्या जाळीचे झरोके बसवले आणि जिन्याच्या डोक्यावरही जाळी ठेवली. बाबांनी पुन्हा उदबत्ती लावली. धूर वर गेला, वळला आणि जाळीतून निघून गेला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसे पहिला पगार हातात पडलेल्या मुलाकडे बघतात. घर त्यांचं झालं ते वास्तुशांतीला नाही, त्या दुपारी.

पण नणंदेचा जीव था‍ऱ्यावर नव्हता. हिवाळ्यात आम्ही राहायला गेलो, तिने घर पाहिलं, कौतुक केलं आणि म्हणाली, “बाबांच्या खोलीत एसी कुठे आहे?”

“लावलेला नाही, ताई.”

“मी घेते. पैशांचं मनावर घेऊ नका.”

“पैशाचं नाही. गरज पडणार नाही असं बांधलंय.”

“वहिनी, तुमचा प्रयोग ठीक आहे. पण बाबांच्या जिवाशी नको.”

हे वाक्य मला आरपार लागलं. कारण ते खरंच होतं. आला नाही वारा, तापलंच घर, तर? नवरा कुजबुजला, “अगं, लावू ना यार, काय बिघडतं?” मी हट्टाला पेटले होते हे कबूल, पण नुसता हट्ट नव्हता. इकडे उन्हाळ्यात वीज सारखी जाते, आणि एसीवर अवलंबून असलेलं घर म्हणजे पुन्हा कोपर. मी म्हटलं, “ताई, एक उन्हाळा द्या मला. बाबांना जरा जरी त्रास झाला तर त्याच दिवशी तुम्ही त्यांना घेऊन जा आणि एसी लावा. मी चकार शब्द काढणार नाही.” ती बरं म्हणाली. चेहऱ्यावर मात्र बरं नव्हतं.

एप्रिल निभावला. आमची दिनचर्या बसली. सकाळी उजाडायच्या आधी सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, गार हवा घरभर फिरू द्यायची. ऊन चढलं की दक्षिणेच्या खिडक्यांची दारं अर्धी ओढायची, वरचे झरोके उघडेच. अंगणात रोपं होती, झाडं अजून व्हायची होती. सोलर पॅनेल पुढच्या वर्षी घ्यायचं ठरवून गच्चीवर त्याची जागा रिकामी सोडली होती. मी रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून बाबांच्या खोलीत डोकवायचे. ते म्हणायचे, “अगं, जिवंत आहे मी.”

मग मे महिन्यात एका आठवड्यात उन्हाने कहर केला. टीव्हीवर उष्णतेच्या लाटेच्या बातम्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. सकाळीच नणंदेचा फोन आला, “वहिनी, मी येतेय. बाबांना आज इकडे घेऊन येते. सासूबाईंनी खाट तयार ठेवलीय.” मी बरं म्हटलं, शब्द दिलेला होता. फोन ठेवला आणि थोड्याच वेळात वीज गेली. पंखे थांबले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून देवाला नव्हे, त्या झरोक्यांना विनवलं की आजच्या दिवस सांभाळा.

बाबा जेवले. दोनदा भात घेतला. मग बनियन आणि लुंगीवर, शहाबादीवर चटई टाकून उत्तरेच्या भिंतीशी आडवे झाले. मी तिथेच बसले. बाहेर आग होती. आत गारवा होता असं मी म्हणणार नाही, मे महिना तो मे महिनाच. पण बसवत होतं. श्वास घेता येत होता. भिंतीला हात लावला तर ती हाताहून थंड होती. दक्षिणेकडून जराशी झुळूक यायची, दारावरचा पडदा हलायचा. हळूहळू बाबा घोरायला लागले, तोंड उघडं टाकून, एक पाय गुडघ्यात दुमडून, अगदी निर्लज्जपणे. मला हुंदका आवरेना. किती वर्षांनी मी या माणसाला मे महिन्याच्या दुपारी झोपलेलं बघत होते.

नणंद आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. रिक्षावाल्याला तिने थांबवूनच ठेवलं होतं. चप्पल काढून ती आत आली आणि दारातच थबकली. मग पुढे होऊन बाबांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांना कळलंही नाही.

“वहिनी, लाईट आहे ना?”

“नाही. सकाळपासून नाही.”

तिने वर बंद पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला कोकम सरबत दिलं. ते तिने बाबांशेजारी फरशीवर बसून प्यायलं, भिंतीला पाठ टेकवून. थोड्या वेळाने म्हणाली, “रिक्षा पाठवून देता का?” मी बाहेर जाऊन रिक्षा पाठवली आणि परत येऊन बघते तर ती उशाला ओढणी घेऊन तिथेच आडवी झालेली. कोपरीच्या घरात सासू, नवरा, मुलं, नोकरी सगळं सांभाळणारी बाई. तिला दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. बघता बघता तिलाही गाढ झोप लागली.

उन्हं कलली तशी बाबांना जाग आली. ते उठून बसले आणि शेजारी लेक झोपलेली पाहिली. बराच वेळ ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मी चहा घेऊन आले, तिला हाक मारायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

“उठवू नकोस,” ते हळूच म्हणाले. “माहेरी आलीये ती. झोपू दे.”